खंदक, खिळे आणि कळफलक

उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. तिथे आज खंदक नाही आणि मराठेही नाहीत, उरले आहे ते नाव. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालात शिरल्या, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या या वसाहतीत घबराट पसरली आणि रहिवाशांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सुमारे तीन मैल खोदून झाले, मराठे काही कोलकात्यावर चालून आले नाहीत आणि काम थांबले ते थांबलेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड हे त्याच रस्त्याचे आजचे दोन भाग.

हा खंदक आज पडद्यावर पाहता येतो. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ए. अपजॉन याने कोलकात्याचा मोठा नकाशा तयार केला. अशा जुन्या नकाशांचे स्कॅन आता खुले मिळतात आणि ते आजच्या नकाशावर चढवण्याची साधनेही फुकट आहेत. काम सोपे असले तरी चिकाटीचे आहे. दोन्ही नकाशांत असलेली ठिकाणे शोधायची, उदाहरणार्थ लालदिघीचे तळे, 1787 चे सेंट जॉन्स चर्च, फोर्ट विल्यमचे कोपरे, आणि एकेका जोडीवर खूण करायची. पाच-सहा जोड्या जुळल्या की सॉफ्टवेअर जुना कागद रबरासारखा ताणून नव्यावर बसवते. मग पारदर्शकता कमी-जास्त केली, की खंदकाची रेघ हळूहळू रस्त्याच्या वळणात विरघळते. या शहराचा मुख्य रस्ता असा धनुष्यासारखा का वाकला आहे, हे त्या एका हालचालीत कळते.

खंदकापेक्षा शब्द जास्त टिकला. 'बारगीर' म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा नसून सरकारचा किंवा सरदाराचा असे, असा स्वार. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. बंगालीत बारगीरचा 'बर्गी' झाला आणि त्याचा अर्थ झाला लुटारू. बर्गी आल्याचा धाक घालणारे अंगाईगीत बंगाली घराघरांत आजही गायले जाते. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी कोश आणि कोलकात्याच्या साहित्य संसदचा बंगाली-इंग्रजी कोश हे दोन्ही शोधता येतात. एकाच जागी दोन कोश उघडून हा शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना कसा पालटला ते तपासता येते. मराठी मनाला ही तपासणी फारशी सुखाची नाही, पण करण्यासारखी आहे.

व नसलेली वर्णमाला

कोलकात्याबद्दल काही शोधू पाहणाऱ्या मराठी माणसाची पहिली अडचण माहितीच्या तुटवड्याची नसून स्पेलिंगची असते. बंगालीत 'व' हा वेगळा उच्चार नाही. विद्यासागर तिथे 'बिद्दाशागोर' होतात, विवेकानंद 'बिबेकानंद'. रोमन लिपीत हीच नावे कोणी संस्कृत वळणाने 'व्ही' घालून लिहितो, तर कोणी बोलण्याप्रमाणे 'बी' घालून. अ चा ओ होतो, स चा श होतो, 'लक्ष्मी' उच्चारताना 'लोक्खी' होते. एकाच माणसाचे आडनाव बंदोपाध्याय, बंद्योपाध्याय आणि बॅनर्जी अशा तीन रूपांत सापडते. सर्च बॉक्सला हे नातेगोते ठाऊक असेलच असे नाही.

याचा सर्वांत मोठा फटका जुन्या पुस्तकांना बसला आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत भारतात 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि त्यात लाखो पुस्तके स्कॅन झाली. पुढे त्याचे मूळ संकेतस्थळ बंद पडले. तोपर्यंत त्यातली चार लाखांहून अधिक पुस्तके कार्ल मालामूद यांच्या पुढाकाराने इंटरनेट आर्काइव्हवर पोचली होती, म्हणून ती वाचली. पण नोंदी जशा होत्या तशाच आल्या. बंगाली, मराठी पुस्तकांची नावे कोणीतरी घाईत रोमनमध्ये टंकलेली, कुठे अर्धी, कुठे लेखकाच्या जागी प्रकाशक. अशा संग्रहात शोधताना एक नाव चार तऱ्हांनी टाकून पाहावे लागते, किंवा पुस्तकाच्या नावातला सगळ्यात कमी बिघडण्यासारखा शब्द निवडावा लागतो. 'सापडले नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'आहे, पण तुम्ही ज्याला व म्हणता त्याला नोंद करणारा ब म्हणाला' एवढाच असतो.

लिपीची अडचण मात्र त्या मानाने किरकोळ आहे, आणि त्याचे कारण संगणकाच्या पोटात दडले आहे. भारतीय लिप्यांसाठी 1980 च्या दशकात 'इस्की' ही संकेतप्रणाली तयार झाली. सगळ्या भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एक, म्हणून समान अक्षराला समान जागा, हे तिचे तत्त्व. 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा भारतीय लिप्यांची मांडणी याच तत्त्वावर झाली. देवनागरी 'क' चा क्रमांक 2325 आहे आणि बंगाली 'क' चा 2453. फरक 128. 'म' घ्या, 'ल' घ्या, फरक तोच, 128. म्हणजे देवनागरी मजकुरातल्या प्रत्येक अक्षराच्या क्रमांकात 128 मिळवले, की तो बहुतांशी बंगाली लिपीत उमटतो, आणि वजा केले की परत देवनागरीत.

'बहुतांशी' म्हणायचे, कारण काही खुर्च्या रिकाम्या आहेत. देवनागरी 'व' च्या क्रमांकात 128 मिळवून जी जागा येते, तिथे बंगालीच्या तक्त्यात काहीच नाही. 'ळ' च्या जागीही काही नाही. दोन्ही अक्षरे बंगालीला लागत नाहीत, म्हणून जागा राखून ठेवली आणि तशीच सोडली. शाळेतल्या बाकावर गैरहजर मुलाची जागा मोकळी ठेवावी तशी. बंगालीने टिळकांचा 'तिलक' आणि केळकरांचा 'केलकर' का केला, याचे उत्तर यातल्या दुसऱ्या रिकाम्या चौकटीत आहे.

लिपी बदलून देणारे 'अक्षरमुख' हे विनोद राजन यांचे मुक्त साधन या हिशेबाच्या कितीतरी पुढे जाते, रिकाम्या जागांची सोय लावते आणि मोडीही हाताळते. बंगाली परिच्छेद त्यात टाकला, तर क्षणात तो देवनागरीत येतो. संस्कृत शब्दांचा भरणा असल्यामुळे मराठी वाचकाला त्यातला निम्माअधिक मजकूर कोशाशिवाय लागतो. हातात येते ते लेखन, उच्चार नव्हे, हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. 'लक्ष्मी' पडद्यावर लक्ष्मीच दिसेल. तिला लोक्खी म्हणायला कोलकात्यातच शिकावे लागते.

बंगाली टंकण्यासाठी तिथले लोक सर्रास वापरतात तो 'अभ्र' कळफलक कोलकात्याचा नाही. बांगलादेशात मैमनसिंहला वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मेहदी हसन खान या विद्यार्थ्याने तो केला आणि 26 मार्च 2003 रोजी, बांगलादेशच्या स्वातंत्र्यदिनी, लोकांसाठी खुला केला. रोमन कळांवर उच्चाराप्रमाणे टंकायचे आणि अक्षर बंगाली उमटायचे, अशी त्याची रीत. किंमत शून्य. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जो तो तोच वापरू लागला आणि 2025 मध्ये त्याच्या कर्त्यांना बांगलादेशाने एकुशे पदक दिले. तरीही बंगाली टंकणाऱ्यांचे एक दुखणे कळफलकाने सुटणारे नव्हते. 'खंड त' हे बंगालीतले रोजच्या वापरातले अक्षर युनिकोडमध्ये सुरुवातीला स्वतंत्र नव्हते. ते 2005 मध्ये आले. मराठी माणसाला या गाऱ्हाण्याची कल्पना येईल. 'दुसऱ्या' मधला आडवा र आणि मराठी वळणाचा ल आणि श पडद्यावर नीट दिसावेत म्हणून इथेही बरीच वाट पाहावी लागली.

श्रीरामपूरचे खिळे

हावड्याहून लोकल गाडीने हुगळीच्या पश्चिम काठाने वर गेले की श्रीरामपूर लागते. अठराशे पंचेचाळीसपर्यंत ते डॅनिश लोकांच्या ताब्यात होते, आणि कंपनीच्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा नव्हता म्हणून विल्यम केरी आणि त्याचे सहकारी तिथे राहिले. 1800 मध्ये त्यांचा छापखाना सुरू झाला. पंचानन कर्मकार या निष्णात कारागिराने आणि त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने या छापखान्यासाठी एकामागून एक लिप्यांचे खिळे पाडले.

मराठी मुद्रणाचा आरंभ इथला आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपते. केरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे आणि त्याच्या हाताशी वैजनाथ पंडित होते. 1805 मध्ये केरीचे मराठी व्याकरण देवनागरीत छापून निघाले. पण मराठ्यांचा रोजचा व्यवहार मोडीत चालतो हे कळल्यावर मोडीचे खिळे पाडले गेले आणि 1810 मध्ये त्याचा मराठी कोश आला तो मोडीत. 1812 च्या मार्चमध्ये छापखान्याला मोठी आग लागली, कागद, हस्तलिखिते आणि खिळ्यांचा धातू सगळे एक झाले. तरी दोन वर्षांत 'सिंहासन बत्तिशी' निघाली, आणि 1816 मध्ये 'राजा प्रतापादित्याचे चरित्र'. हे दुसरे पुस्तक मजेदार आहे. प्रतापादित्य जेसोरचा राजा. रामराम बसूंनी त्याचे चरित्र 1801 मध्ये बंगालीत लिहिले होते, त्याचा मराठी अवतार वैजनाथ पंडितांनी केला. मराठी गद्याच्या पहिल्या छापील पुस्तकांपैकी एक असे बंगालच्या राजावर, बंगालच्या मातीत, मोडी अक्षरांत छापलेले आहे.

केरीचे व्याकरण आणि कोश आज स्कॅनरूपाने कोणालाही उतरवून घेता येतात. उघडल्यावर मात्र बहुतेक वाचक अडतात, कारण मोडी वाचता येत नाही. पाने दिसतात, शब्द दिसत नाहीत. आणि यंत्राचीही अवस्था तीच, कारण यंत्राच्या दृष्टीने स्कॅन म्हणजे निव्वळ चित्र. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 2014 मध्ये, सातव्या आवृत्तीत, अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानंतर. म्हणजे श्रीरामपुरात शिशाचे मोडी खिळे पाडल्यानंतर संगणकात मोडीचे खिळे पाडायला दोनशे वर्षे गेली. आता 'नोटो' मालिकेतला मोडी फाँट फुकट मिळतो आणि मोडी मजकूर टंकता, शोधता, पाठवता येतो. टंकणारे हात किती, हा प्रश्न फाँट सोडवत नाही.

चित्रातून शब्द

स्कॅनमधल्या अक्षरांचे चित्र ओळखून त्याचा मजकूर बनवणे म्हणजे ओसीआर. बंगाली आणि देवनागरी दोन्ही लिप्यांत ते रोमनपेक्षा अवघड जाते, कारण शिरोरेघ सगळी अक्षरे एका दोरीत ओवते आणि यंत्राला एक अक्षर कुठे संपले ते कळत नाही. बंगालीत 'ब' ला खाली टिंब दिले की 'र' होतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदावर ते टिंब उडालेले असते, किंवा नसलेल्या जागी कसरीने पाडलेले असते. 'बइ' म्हणजे पुस्तक. टिंब चुकले की त्याचे काहीच राहत नाही. मराठीत घ आणि ध, भ आणि म यांचे तसेच.

म्हणून ओसीआरनंतर माणूस लागतो. विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयाची पद्धत यासाठी पाहण्यासारखी आहे. डावीकडे मजकूर, उजवीकडे मूळ पानाचे चित्र. यंत्राने दिलेला कच्चा मजकूर लाल, एका माणसाने ताडून पाहिला की पिवळा, दुसऱ्या माणसाने पुन्हा ताडला की हिरवा. दुसरा माणूस पहिल्यापेक्षा वेगळा असावाच लागतो. बंगाली आणि मराठी, दोन्ही भाषांचे विकिस्रोत याच रीतीने चालते. दिवसाला एक पान तपासणाऱ्याला वर्षाअखेरी एक जाडजूड ग्रंथ पिवळा झालेला दिसतो, आणि त्या ग्रंथातला कोणताही शब्द त्या दिवसापासून जगात कुठूनही सापडू लागतो. या कामाला ना मानधन, ना मुखपृष्ठावर नाव.

त्यासाठी पुस्तक कॉपीराइटमुक्त असावे लागते आणि इथे भारतीय कायद्यावर कोलकात्याचा थेट ठसा आहे. पूर्वी लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षे हक्क राहत. रवींद्रनाथ 1941 मध्ये गेले, म्हणजे 1991 संपताच त्यांचे साहित्य सर्वांचे झाले असते. विश्वभारतीकडे असलेले हक्क सुटू नयेत यासाठी हालचाली झाल्या आणि 1992 मध्ये मुदत 60 वर्षे करण्यात आली. ती सगळ्याच लेखकांना लागू झाली. रवींद्रनाथांचे साहित्य मुक्त झाले 2002 च्या पहिल्या दिवशी. हिशेब करायची रीत अशी की मृत्यूचे वर्ष सोडायचे आणि पुढची 60 मोजायची. साने गुरुजी आणि 'पथेर पांचाली'कार बिभूतिभूषण बंदोपाध्याय दोघेही 1950 मध्ये गेले, म्हणून दोघांचीही पुस्तके 1 जानेवारी 2011 रोजी एकदमच खुली झाली. कवी जीबनानंद दास यांची 2015 मध्ये. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांसाठी 2053 पर्यंत थांबावे लागेल.

विचित्रा

कोलकात्यात तयार झालेल्या डिजिटल साधनांपैकी एकच पाहायचे असेल तर जादवपूर विद्यापीठाची 'विचित्रा' पाहावी. रवींद्रनाथांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त केंद्र सरकारच्या अर्थसाह्यातून, सुकांत चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यापीठाच्या 'स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स'ने ती उभी केली आणि 2013 मध्ये ती खुली झाली. रवींद्रनाथांच्या बंगाली आणि इंग्रजी लेखनाची हस्तलिखिते, मासिकांतली रूपे, पुस्तकांच्या आवृत्त्या, अशी मिळून सुमारे एक लाख चाळीस हजार पाने तीत आहेत. हस्तलिखितांचा मोठा साठा शांतिनिकेतनच्या रवींद्र भवनातला, काही हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातला.

पण निव्वळ साठा ही विचित्राची थोरवी नाही. रवींद्रनाथ छापून झालेल्या कवितेलाही हात लावत. एका कवितेची वहीतली, मासिकातली, संग्रहातली आणि पुढच्या आवृत्तीतली रूपे वेगवेगळी असत. ती सगळी शेजारी शेजारी ठेवून फरक शोधणे एका अभ्यासकाच्या आयुष्याचे काम. त्यासाठी इथल्या मंडळींनी 'प्रभेद' नावाचे सॉफ्टवेअर केले. ते तीन पायऱ्यांवर तुलना करते. आधी प्रकरण, सर्ग किंवा प्रवेश यांच्या पातळीवर, मग परिच्छेद किंवा कडव्याच्या आणि शेवटी शब्दाच्या. कुठले कडवे कोणत्या आवृत्तीत गळाले, कुठे वर सरकले, कुठला शब्द तीनदा बदलून पुन्हा पहिल्यावर आला, हे दिसते. हस्तलिखिताचे टंकन करतानाही खोडलेले शब्द वगळलेले नाहीत. रवींद्रनाथांची खोडायची तऱ्हा न्यारी होती. खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडत ते त्यांतून पक्षी, मुखवटे, वेडेविद्रे प्राणी काढत. 'पूरबी'ची वही यासाठी प्रसिद्ध आहे आणि त्यांच्या चित्रकलेचा उगम तिच्यात मानला जातो.

मराठी वाचकाने विचित्रा कुठून उघडावी, याला एक चांगले दार आहे. सखाराम गणेश देऊस्कर हे देवघरजवळच्या करौं गावी 1869 मध्ये जन्मलेले मराठी घरातले बंगाली लेखक. कोलकात्यात 'हितवादी' या पत्रात ते काम करत आणि त्यांचे 'देशेर कथा' हे 1904 मधले पुस्तक इतके वाचले गेले की सरकारने 1910 मध्ये त्यावर बंदी घातली. बंगालात शिवाजी उत्सव रुजवणाऱ्यांत ते पुढे होते. त्यांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेला रवींद्रनाथांची 'शिवाजी-उत्सव' ही कविता जोडलेली होती. ज्या बंगालात मराठ्यांच्या नावाने मुले झोपवली जात, तिथल्या कवीने दीडशे वर्षांनी शिवाजीवर लिहावे, ही उलथापालथ समजून घ्यायला ती कविता मुळातून वाचावी. अक्षरमुखातून ती देवनागरीत आणता येते.

टेमर लेनचे घर

इंटरनेटवर काय येते हे बरेचदा आधी कोणी काय सांभाळले यावर ठरते. कॉलेज स्ट्रीटच्या बोईपाड्यात, म्हणजे पुस्तकांच्या पेठेत, टेमर लेनमधल्या एका घराच्या खालच्या खोल्यांत 'कलिकाता लिटल मॅगझिन लायब्ररी ओ गवेषणा केंद्र' आहे. 1972 मध्ये संदीप दत्त या विद्यार्थ्याला एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयात लिटल मॅगझिनांचे गठ्ठे रद्दीसारखे पडलेले दिसले. त्यांनी स्वतःच गोळा करायला सुरुवात केली आणि 1978 मध्ये राहत्या घरी ग्रंथालय उघडले. पोटासाठी शाळेत शिकवायचे आणि पगारातून अंक घ्यायचे. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर कोलकात्यात आधुनिक बंगाली साहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्याला टेमर लेन टाळणे शक्य उरले नव्हते.

बंगाली लिटल मॅगझिनची परंपरा प्रमथ चौधुरींच्या 1914 मधल्या 'सबुज पत्र'पासून मोजतात. त्यानंतर बुद्धदेव बसूंचे 'कविता', 1953 मधले 'कृत्तिबास', पुढे 'हंग्री पिढी' म्हणवणाऱ्या बंडखोर कवींची पत्रके. मराठीतही 'शब्द', 'असो', 'वाचा', 'फ' ही लघुनियतकालिके याच ऊर्मीची. दोन-तीनशे प्रती, पत्ता म्हणून संपादकाचे घर, दुसऱ्या अंकानंतर पैसे संपलेले. अशा प्रकाशनाची नोंद कोणत्याही यादीत आपोआप होत नाही. मोठी नियतकालिके ग्रंथालयांत असतात आणि लवकर स्कॅन होतात. ही सांभाळायला कोणीतरी हट्टी माणूस लागतो. कोलकात्याच्या सेंटर फॉर स्टडीज इन सोशल सायन्सेस आणि जादवपूर विद्यापीठ या संस्थांनी ब्रिटिश लायब्ररीच्या 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम'च्या मदतीने जुनी बंगाली पुस्तके, नियतकालिके आणि फुटपाथवर विकले जाणारे स्वस्त बाजारी साहित्यही स्कॅन करून खुले केले. यातल्या शेवटच्या प्रकाराकडे विद्वानांनी कैक वर्षे पाहिलेही नव्हते. स्वप्नफल, वशीकरण, तुरुंगातल्या नवऱ्याची कहाणी असे विषय. मुंबईत फुटपाथवर मिळणाऱ्या तमाशांच्या आणि पोवाड्यांच्या चोपड्यांचे बंगाली भाऊबंद.

डिजिटल म्हणजे कायमचे, असे मात्र नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सायबर हल्ल्यात ब्रिटिश लायब्ररीच्या सेवा अनेक महिने विस्कळीत झाल्या. पुढच्याच ऑक्टोबरात इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंद पडले. कामाचे पुस्तक सापडले की ते उतरवून आपल्या यंत्रावर ठेवण्याची अभ्यासकांची सवय अशाच अनुभवांतून आली आहे.

आवाज आणि नाव

8 नोव्हेंबर 1902 रोजी फ्रेड गायसबर्ग याने कोलकात्यात भारतातले पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू केले. त्याच दौऱ्यात गौहरजान गायल्या. गाणे संपताना त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगतात, आणि आज ऐकणाऱ्याला तो नखरा वाटतो. खरे कारण कारखान्यात होते. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला तयार होत आणि तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून शेवटी नाव उच्चारायची प्रथा होती. 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाला तेव्हा तबकड्यांचा समुद्रप्रवास थांबला. बंगळुरूत विक्रम संपत यांनी सुरू केलेल्या 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक'मध्ये अशी जुनी ध्वनिमुद्रणे ऐकता येतात. शोधताना जान की जाँ, आणि रोमनमध्ये 'एन'च्या आधी एक 'ए' की दोन, हे सगळे करून पाहावे लागते. लेबल छापणाऱ्या जर्मनाला उर्दू येत नव्हती.

याउलट मौसुमी भौमिक आणि सुकांत मजुमदार यांचे 'ट्रॅव्हलिंग आर्काइव्ह' गावोगावी फिरून जमवलेल्या बंगाली गाण्यांचे आहे. 1930 च्या दशकात डच संगीतज्ज्ञ आर्नोल्ड बाके याने बंगालात जे मुद्रित केले, त्याच्या मागावर जाऊन त्याच वाटा त्यांनी पुन्हा धुंडाळल्या. प्रत्येक मुद्रणासोबत कुठे, कधी, कोणाच्या अंगणात आणि कोण कोण हजर होते याची टिपणे आहेत. ती टिपणेच अनेकदा गाण्याइतकी ऐकण्यासारखी असतात, असे म्हटले तरी चालेल.

आपले टिपलेले इतरांना देणे

सापडलेल्या गोष्टींत स्वतःची भर घालायची तर विकिमीडिया कॉमन्स हे सर्वात सोपे ठिकाण. छायाचित्र चढवताना परवाना निवडायचा, जागेचे अक्षांश-रेखांश द्यायचे आणि वर्णन लिहायचे. बंगाली विकिपीडिया 27 जानेवारी 2004 ला सुरू झाला, मराठी त्याआधी, 1 मे 2003 ला. दोन्हीकडच्या लेखांना चित्रे याच एका साठ्यातून मिळतात.

कोलकात्यात इथे एक कायदेशीर गुंता होतो. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करायला हरकत नाही. व्हिक्टोरिया मेमोरियलसमोरचा पुतळा चालतो. पण डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या दुर्गापूजेचे काय? कुमारटुलीच्या कारागिराने घडवलेली मूर्ती पाच दिवसांनी गंगेत जाते, मंडप उतरतो. 'कायम' हा शब्द तिथे बसत नाही. लालबाग किंवा गिरगावातल्या गणपतीच्या मूर्तीलाही हाच नियम लागतो. घरच्या अल्बमसाठी हा प्रश्न येत नाही, पण कोणीही कशासाठीही वापरावे अशा परवान्याखाली मूर्तीचे चित्र देताना मूर्तिकाराचा हक्क आपण वाटून टाकत असतो.

पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात पिंगला तालुक्यातल्या नया गावात पटचित्रकार राहतात. लांब कागदी गुंडाळी उलगडत, एकेका चौकटीवर बोट ठेवत ते तिची गोष्ट गातात. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी ज्याने पाहिली असेल त्याला हे ओळखीचे वाटेल. पिंगला आणि पिंगुळी या नावांतले साम्य मात्र योगायोगाचे. मनसामंगल, रामायण यांच्या जोडीला त्सुनामी आणि जगातल्या ताज्या घडामोडीही पटावर येतात. मोबाइलवर असे गाणे टिपताना त्यात तीन गोष्टी असतात, चित्र, गाणे आणि सादरीकरण, आणि सादरकर्त्याचे हक्क कायद्याने 50 वर्षे राखलेले आहेत. म्हणून टिपण्याआधी विचारणे आणि टिपल्यावर नाव लिहिणे ओघाने आलेच. नाव लिहितानाही जपावे लागते. नयातले बहुतेक पटुए धर्माने मुसलमान आहेत, हिंदू देवदेवतांची चित्रे काढतात, अनेकांची दोन-दोन नावे असतात, आणि आडनाव सगळ्यांचे एकच, 'चित्रकार'. वर्णनात नुसते 'चित्रकार, बंगाल' असे लिहिले, तर शोधणाऱ्यासमोर अख्खे गाव उभे राहते आणि त्यात तो पट कोणाचा ते काही कळत नाही.